वाय-फायची शक्ती वाढवताना : देश, ड्रायव्हर आणि मर्यादेचा हिशेब

लिनक्सवर चालणारा लॅपटॉप, रास्पबेरी पाय किंवा ओपन-डब्ल्यूआरटी घातलेला राउटर वापरणाऱ्यांच्या शंकांमध्ये तीन प्रश्न सारखे येतात. आदेश देऊन प्रक्षेपणाची शक्ती ३० डीबीएम केली, चूक दाखवली गेली नाही, तरी आकडा २० वरच का राहतो? देश म्हणून भारत निवडला, तरी काही चॅनेल बंदच का? आणि ‘दुसऱ्या एखाद्या देशाचा संकेत टाका, शक्ती वाढेल’ हा सगळीकडे फिरणारा सल्ला पाळावा का? या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत असते : ड्रायव्हर आपल्या आड येतो आहे आणि त्याला चकवले की काम होईल. प्रत्यक्षात ड्रायव्हर स्वतः फार थोडे ठरवतो. त्याच्यापुढे अनेक मर्यादा येतात आणि त्यांतली सर्वांत कमी असलेली तो पाळतो. तुमच्या बाबतीत नेमकी कोणती मर्यादा आड आली आहे हे ओळखले, तर बहुतेक वेळा उपायही सापडतो, आणि तो उपाय क्वचितच शक्ती वाढवण्याचा असतो.

आकडा ठरतो कसा

निर्णयापुरते परिमाण आधी लक्षात घ्या. २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट, २३ म्हणजे सुमारे २००, ३० म्हणजे १ वॅट आणि ३६ म्हणजे ४ वॅट. दर ३ ने शक्ती दुप्पट होते, दर १० ने दहापट.

लिनक्समध्ये देशोदेशीच्या नियमांची व्यवस्था कर्नलचा ‘सीएफजी८०२११’ हा भाग पाहतो. ही चौकट २००८ साली आलेल्या २.६.२८ या कर्नलपासून आहे. त्याआधी प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या परीने नियम सांभाळत असे, आणि त्यात एकवाक्यता नव्हती. आता सर्व देशांच्या नियमांची एक सामाईक नोंदवही ठेवली जाते : कोणत्या देशात कोणता पट्टा खुला आहे, त्यात चॅनेल किती रुंद असू शकतो, शक्ती किती, रडारची अट आहे का. पूर्वी ही नोंदवही ‘क्रडा’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम वाचून कर्नलला देत असे. ४.१५ या आवृत्तीपासून कर्नल ती स्वतः वाचू लागला, आणि वाचण्यापूर्वी तिच्यावरची डिजिटल सही तपासू लागला. म्हणून नोंदवहीची फाइल हाताने बदलून ठेवली तर नेहमीचा कर्नल ती स्वीकारत नाही.

नोंदवही ही एक मर्यादा झाली. दुसरी मर्यादा कार्डाची स्वतःची. कारखान्यात कार्डाच्या स्मृतीत एक देश किंवा प्रदेश कोरलेला असतो, आणि त्या प्रदेशासाठी कार्डाला मिळालेली मान्यता तेवढ्याच शक्तीची असते. तिसरी मर्यादा तुम्ही ज्या ॲक्सेस पॉइंटला जोडलेले आहात त्याच्याकडून येते. तो आपल्या संदेशात देशाचा संकेत पाठवतो, कधी ‘इथे शक्ती इतकी कमी ठेवा’ अशी सूचनाही देतो, आणि ड्रायव्हर ती मानतो. चौथी मर्यादा निव्वळ इलेक्ट्रॉनिक्सची आहे. वेग वाढतो तसा संकेत अधिक स्वच्छ लागतो, म्हणून बहुतेक कार्डे वरच्या वेगाला मुद्दाम कमी शक्ती वापरतात. सर्वांत शेवटी तुमचा आदेश. तुम्ही ३० मागितले आणि वरच्यांपैकी एकीने २० सांगितले, तर २० च मिळणार. आदेश नाकारला जात नाही, फक्त छाटला जातो, आणि गोंधळाचे मोठे कारण हेच आहे.

आधी हे तपासा

इंटरनेटवर उपाय शोधण्यापूर्वी ‘आयडब्ल्यू’ या साधनाचे तीन आदेश चालवा. पाच मिनिटांचे काम आहे.

- ‘आयडब्ल्यू रेग गेट’. सध्या कोणता देश लागू आहे ते यात दिसते. देशाच्या जागी दोन शून्ये दिसली, तर यंत्रणेला देश माहीतच नाही आणि ती ‘सर्व जगासाठी’ असलेले सर्वांत सावध नियम पाळत आहे. त्यात २.४ गिगाहर्ट्झला २० डीबीएमची मर्यादा असते, चॅनेल १२ आणि १३ वर आपणहून बोलायला मनाई असते, आणि ५ गिगाहर्ट्झवर केवळ ऐकायची परवानगी असते. खाली कार्डाच्या नावाने वेगळा भाग असेल आणि पुढे ‘सेल्फ-मॅनेज्ड’ असे लिहिले असेल, तर ते कार्ड नोंदवही वापरतच नाही.
- ‘आयडब्ल्यू लिस्ट’. प्रत्येक चॅनेलपुढे कमाल शक्ती आणि शेरा मिळतो. ‘डिसेबल्ड’ म्हणजे पूर्ण बंद. ‘नो आयआर’ म्हणजे आधी दुसऱ्याचा आवाज ऐकल्याशिवाय प्रक्षेपण नाही, त्यामुळे त्यावर स्वतःचा हॉटस्पॉट उभा राहत नाही. ‘रडार डिटेक्शन’ म्हणजे रडारची अट.
- ‘आयडब्ल्यू देव’. सध्याचा चॅनेल आणि सध्याची शक्ती दाखवतो. इथला आकडा नेहमी खरा असतोच असे मात्र नाही. काही कार्डांत सगळा कारभार आतल्या फर्मवेअरकडे असतो आणि ड्रायव्हर नुसता ठोकळ आकडा दाखवतो. रास्पबेरी पायवर अनेकांना दिसणारे ३१ डीबीएम हे त्याच जातीचे आहे, त्यावरून फुशारून जाऊ नका.

देश शून्य-शून्य असेल तर पहिले काम भारताचा संकेत देणे. ‘आयडब्ल्यू रेग सेट’ या आदेशापुढे ‘आयएन’ लिहिले की तो तात्पुरता लागू होतो, यंत्र पुन्हा सुरू केले की जातो. कायमचा ठेवायचा तर कर्नलच्या सुरुवातीच्या पर्यायांत लिहावा लागतो. रास्पबेरी पायवर मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये वाय-फायचा देश निवडण्याची सोय आहे, आणि ५ गिगाहर्ट्झ चालणाऱ्या मॉडेलवर देश निवडेपर्यंत वाय-फायच बंद ठेवलेले असते. तुम्ही स्वतः ॲक्सेस पॉइंट चालवत असाल, तर तो चालवणाऱ्या ‘होस्टएपीडी’ या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये देशाचा संकेत लिहा आणि तो संदेशातून पाठवण्याचा पर्यायही चालू करा, म्हणजे जोडणाऱ्या फोन-लॅपटॉपनाही योग्य देश कळतो.

देश दिला, तरी फरक पडला नाही

इथे कार्डाची जात महत्त्वाची ठरते. ॲथेरॉस कुळातील कार्डांत प्रदेश कोरलेला असतो. तुम्ही दिलेला देश आणि कोरलेला प्रदेश यांचा छेद घेतला जातो, म्हणजे दोन्हीकडे जे खुले आहे तेवढेच उरते. तुमचा आदेश मर्यादा कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. इंटेलच्या अलीकडच्या कार्डांत फर्मवेअर आजूबाजूच्या ॲक्सेस पॉइंटचे संकेत ऐकून आपण कुठे आहोत ते स्वतः ठरवते. ही सोय बंद करणारा एक पर्याय ड्रायव्हरमध्ये होता, पुढच्या कर्नलमधून तो काढून टाकण्यात आला. म्हणून इंटेलच्या लॅपटॉपवर ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट उभा राहत नसेल, तर त्यात तास घालवू नका. हॉटस्पॉटसाठी मीडियाटेकचे एखादे यूएसबी कार्ड किंवा साधा राउटर घेणे स्वस्त पडते.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या उपकरणांचा प्रश्न याच घरातला. अमेरिकेत विकली जाणारी साधने २.४ गिगाहर्ट्झवर सहसा १ ते ११ एवढेच चॅनेल वापरतात. भारतात १२ आणि १३ देखील खुले आहेत. घरचा राउटर आपोआप १३ वर गेला, की अमेरिकेतून आलेल्या लॅपटॉपला घरचे वाय-फाय दिसेनासे होते, आणि दोष लॅपटॉपच्या ‘कमी पॉवर’ला दिला जातो. उपाय एका मिनिटाचा आहे : राउटरवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक हाताने ठरवा. उलट बाजूने, अमेरिकेत घेतलेल्या राउटरमध्ये देश बदलायचा पर्याय बहुधा नसतोच. तो लपवलेला नाही, तिथल्या मान्यतेची ती अट आहे. घेण्याआधी हे विचारून घ्या.

भारतात मर्यादा काय, आणि तुमचा हक्क काय

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ च्या अधिसूचनेने परवान्यातून मुक्त झाला. त्यात प्रक्षेपकाची शक्ती १ वॅटपर्यंत, अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॅटपर्यंत, आणि अँटेनाची उंची अधिकृत इमारतीच्या गच्चीपासून ५ मीटरच्या आत, अशा अटी आहेत. ५ गिगाहर्ट्झवर त्याच वर्षी घराच्या आत २०० मिलिवॅटपर्यंतच मुभा होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये हे चित्र बदलले : ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, परवान्याविना खुले झाले आणि बाहेरच्या वापराचीही वाट मोकळी झाली. ‘भारतात ५ गिगाहर्ट्झ फक्त घरात’ असे सांगणारे बरेच जुने लिखाण अजून फिरते, ते २०१८ पूर्वीचे आहे. अतिशय जुनी नोंदवही असलेल्या राउटरमध्येही तेच जुने नियम अडकलेले असू शकतात. अशा वेळी फर्मवेअर अद्ययावत करणे हाच ‘पॉवर वाढवण्याचा’ कायदेशीर मार्ग असतो.

या नियमांतून मिळणारा हक्क नीट समजून घ्या. मान्यताप्राप्त उपकरण मर्यादेत वापरायला तुम्हाला कुणाचा परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. सोसायटीने किंवा केबलवाल्याने ‘वाय-फायला परवानगी लागते’ असे म्हटले तर ते रेडिओच्या नियमांत बसत नाही. पण ही मुभा सामाईक आहे. इतरांना अडथळा करायचा नाही, आणि इतरांच्या वाय-फायमुळे तुम्हाला अडथळा झाला तर संरक्षण मागता येत नाही. परवानाधारक सेवेला तुमच्या उपकरणाचा त्रास झाला, तर जागा बदला, शक्ती कमी करा, वेगळा अँटेना लावा असे तुम्हाला सांगितले जाऊ शकते, आणि तरीही त्रास थांबला नाही तर वापर बंद करावा लागतो. शेजाऱ्याच्या राउटरविरुद्ध तक्रार करायला निघालेल्यांनी हे आधी वाचावे. तुमच्या दोघांचा अधिकार सारखाच आहे, चॅनेल वाटून घेणे हाच तोडगा.

अँटेनाचा हिशेब ड्रायव्हर करत नाही

माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथे होतात. कायदा मोजतो ती अँटेनातून एका दिशेला प्रत्यक्ष बाहेर पडणारी परिणामी शक्ती, आणि ड्रायव्हर दाखवतो ती कार्डाच्या टोकाची. मधली केबल किती खाते आणि तुम्ही बाहेरून लावलेला अँटेना किती केंद्रित करतो, हे ड्रायव्हरला कळायला काहीही मार्ग नाही. म्हणून बेरीज तुम्हीच करायची : कार्डाचे डीबीएम, वजा केबलची घट, अधिक अँटेनाचा लाभ.

कार्ड २० डीबीएम, केबलची घट २ आणि अँटेना १५ डीबीआय असेल, तर ३३ डीबीएम होतात, म्हणजे सुमारे २ वॅट. २.४ गिगाहर्ट्झवर हे मर्यादेत आहे. त्याच कार्डाला २४ डीबीआयची जाळीदार डिश लावली, की ४२ डीबीएम होतात, म्हणजे जवळजवळ १६ वॅट, मर्यादेच्या चौपट. पडद्यावर मात्र दोन्ही वेळा २० च दिसते. शेतावरच्या घरापासून विहिरीवरच्या कॅमेऱ्यापर्यंत किंवा रस्त्यापलीकडच्या गोदामापर्यंत जोडणी नेणाऱ्यांनी हा हिशेब कागदावर करावा, आणि डिश लावली तर कार्डाची शक्ती त्या प्रमाणात हाताने खाली आणावी. ‘आयडब्ल्यू’मध्ये शक्ती डीबीएमच्या शंभराव्या भागात लिहायची असते, म्हणजे १४ डीबीएमसाठी १४००. इथे १४ लिहिणारे पुष्कळ जण आपली जोडणीच बंद पाडतात.

रडारचे चॅनेल

राउटर सुरू केल्यावर ५ गिगाहर्ट्झ एक मिनिट दिसत नाही, किंवा मध्येच जोडणी तुटून चॅनेल बदलतो, याला बिघाड समजू नका. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ या भागात रडारही काम करतात. म्हणून ॲक्सेस पॉइंटने प्रक्षेपणापूर्वी साधारण ६० सेकंद नुसते ऐकायचे, रडारचा स्पंद आढळला तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचा आणि पुढची ३० मिनिटे तिकडे फिरकायचे नाही, असा नियम आहे. युरोपात ५६०० ते ५६५० या हवामान रडारच्या भागात ऐकण्याची मुदत १० मिनिटांची असते.

ही अट कागदी नाही. २००९ च्या सुमारास प्वेर्तो रिकोतील सान हुआनच्या विमानतळाजवळच्या हवामान रडारच्या चित्रात खोट्या रेघा उमटू लागल्या, आणि शोध घेता उंचावर बसवलेली ५ गिगाहर्ट्झची वायरलेस साधने सापडली. मुंबईतही २०२२ पासून वेरावली येथे भारतीय हवामान विभागाचे सी-बँडचे डॉप्लर रडार चालू आहे, आणि वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा याच सी-बँडमध्ये येतो. ज्या शहरात जुलैतल्या एका दुपारचा अंदाज लाखो लोकांच्या घरी परतण्याशी जोडलेला असतो, तिथे रडार ओळखण्याची सोय बंद करून मिळणारा एखादा मोकळा चॅनेल मला कोणत्याही हिशेबाने परवडणारा वाटत नाही. जोडणी तुटणे चालणारच नसेल, तर ३६ ते ४८ किंवा १४९ पासूनचे चॅनेल वापरा. त्यांना रडारची अट नाही.

‘दुसऱ्या देशाचा संकेत टाका’

बोलिव्हियाचा संकेत टाकला की ३० डीबीएम मिळतात, हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याच्या बाजूने होणारे युक्तिवाद मी गांभीर्याने घेतो, कारण ते करणारे बहुतेक जण कुणाला त्रास द्यायला निघालेले नसतात.

पहिला युक्तिवाद असा की, घर माझे, भिंती माझ्या, बाहेर काय जाते ते नगण्य. पण अपार्टमेंटमध्ये भिंत सामाईक असते, आणि वाय-फायचा नियम ‘आधी ऐका, मग बोला’ असा आहे. तुमचा राउटर दूरवर ऐकू गेला, की तेवढ्या सगळ्या घरांतील साधने तो थांबेपर्यंत गप्प राहतात. सगळ्यांनी शक्ती वाढवली तर सगळ्यांचाच वेग घटतो, तुमचाही.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे : उपकरण मी विकत घेतले, सॉफ्टवेअर मुक्त आहे, मग ते हवे तसे चालवण्याचा हक्क माझा. सॉफ्टवेअर बदलण्याच्या हक्काशी मी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच हा शॉर्टकट मला धोक्याचा वाटतो. २०१६ साली अमेरिकेत टीपी-लिंक कंपनीने तिथल्या दूरसंचार आयोगाशी २ लाख डॉलरची तडजोड केली, कारण तिच्या काही राउटरमध्ये वापरकर्त्याला देश बदलून मर्यादेबाहेर शक्ती वाढवता येत होती. अशी प्रकरणे झाली की राउटरच कुलूपबंद करण्याचा सोपा मार्ग कंपन्यांना दिसतो, आणि ओपन-डब्ल्यूआरटीसारख्या प्रकल्पांचे दार बंद होऊ लागते. त्या तडजोडीत तिसऱ्या पक्षाच्या फर्मवेअरला वाव ठेवण्याच्या दिशेने काम करण्याचे कंपनीने मान्य केले, हे सुदैव. आपण मर्यादा पाळून चालवलेला प्रत्येक मुक्त राउटर या बाजूचा पुरावा ठरतो.

तिसरे म्हणणे असते की, फायदा होतो म्हणूनच लोक करतात. फायद्याचा हिशेब पाहा. ३ डीबीएम वाढवले की शक्ती दुप्पट होते, पण मोकळ्या मैदानातसुद्धा पल्ला दीडपटही होत नाही, आणि घरात भिंतींमधून जेमतेम पाचव्या हिश्शाने वाढतो. त्यातही संभाषण दोन्ही बाजूंनी चालते. राउटर मोठ्याने बोलला तरी फोनचा छोटा अँटेना आणि छोटी बॅटरी तेवढ्याच आवाजात उत्तर देणार. पडद्यावर वाय-फायच्या पट्ट्या पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ मात्र अडकतो, ही तक्रार बहुतेक अशाच घरांतून येते. शिवाय कार्डाला त्याच्या क्षमतेपलीकडे रेटले की संकेत विकृत होतो, वरचे वेग टिकत नाहीत आणि वेग उलट खाली येतो.

त्याऐवजी काय करावे

राउटरची जागा बदलणे हा पहिला उपाय, आणि तो फुकट आहे. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा घराच्या एका टोकाला ठेवलेला राउटर मध्यावर आणि उंचावर आणला, तर ३ डीबीएमपेक्षा कितीतरी जास्त मिळते. मोठ्या घरात, दुमजली बंगल्यात किंवा जाड दगडी भिंतींच्या वाड्यात एका राउटरचा हट्ट सोडा. केबल टाकून दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवा आणि दोघांची शक्ती मध्यम ठेवा, म्हणजे फोन वेळेवर एकावरून दुसऱ्यावर जातो. २.४ गिगाहर्ट्झवर ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झची रुंदी घेतली, की गर्दीच्या इमारतीत जोडणी स्थिर होते. दूरच्या जोडणीसाठी दोन्ही टोकांना दिशादर्शक अँटेना लावा. त्याचा लाभ बोलण्यात आणि ऐकण्यात सारखा मिळतो, आणि ऐकण्यावर कोणत्याही देशाची मर्यादा नाही.

साधन विकत घेताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा : उपकरणाला भारतातील मान्यता आहे का, आणि देशाचा पर्याय भारतावर आहे का. बाहेरून मागवलेल्या स्वस्त ‘हाय पॉवर’ यूएसबी कार्डांच्या खोक्यावर छापलेले वॅटचे आकडे पाहून निर्णय घेऊ नका.

आणि एवढे करूनही भारताच्या नोंदीतील एखादा आकडाच चुकीचा किंवा जुना वाटला, तर तो सुधारण्याची वाट तुमच्यासाठी खुली आहे. नोंदवहीचा मूळ मजकूर सर्वांना वाचता येतो. राजपत्रातील अधिसूचनेचा दुवा, कोणता पट्टा, कोणती मर्यादा आणि रडारची अट आहे की नाही, एवढे स्पष्ट लिहून कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो. ती देखभाल करणाऱ्यांनी तपासून स्वीकारली, की पुढच्या अद्यतनाबरोबर लिनक्स वापरणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोहोचते.